पाऊण सिनेमाचे मोतीरामजी

दिनांक: १९८५ सालच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर.

स्थळ: हिंगणी, मोतीराम भोयर यांच्या घरची कापसाची खोली. कापूस विकला गेलेला, म्हणून रिकामी. खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला.

निमित्त: त्यांची मुलगी शोभा हिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

हजर: मुलीचे वडील मोतीरामजी, इस्त्रीच्या सदऱ्यात, तोंड घट्ट मिटून. मुलीची आई यमुनाबाई, नजर सतत नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडावर. नाचणगावहून आलेल्या मुलाची आई गिरजाबाई, घरातल्या हात असलेल्या एकमेव खुर्चीत. मुलगा, तिच्या मागे सतरंजीवर, मान खाली. खताच्या दुकानाचे धनराजभाऊ, घरी टीव्ही असल्यामुळे जाणकार. वर्ध्याहून भाड्याचं सामान घेऊन आलेला व्हिडिओवाला. दोन्हीकडचे सोयरे, आणि उरलेल्या सतरंजीवर मावेल तेवढं गाव. शेजारीण म्हणून मी. प्राथमिक शाळेत शिकवत असल्यामुळे पाणी, पाट, सतरंज्या आणि शिस्त ही खाती माझ्याकडे. शोभा स्वयंपाकघरात.

हजेरी घ्यायची सवय शाळेतली, ती सुटत नाही. त्या दुपारी मात्र ती उपयोगी पडली, कारण या सगळ्यांच्या साक्षीनं जे झालं ते पुढे प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं.

शोभाचं हे तिसरं स्थळ होतं. आधीची दोन मोडली त्यात तिचा काही दोष नव्हता. ती वडिलांच्या मतांमुळे मोडली. समुद्रपूरकडच्या पहिल्या सोयऱ्यांनी मोठ्या हौसेनं कपाशी दाखवायला शेतावर नेलं, तर मोतीरामजी बांधावर उभे राहून म्हणाले की एवढं बारकं शेत त्यांनी फक्त सिनेमात पाहिलं होतं आणि ते पडद्यावर रंगवलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मुलाचे काका गप्पांत हसले. मोतीरामजींनी त्यांना भर बैठकीत सांगितलं की तुम्ही हुबेहूब सिनेमातल्या त्या चाबूकवाल्या सावकारासारखे हसता. त्यांनी हे कौतुकानं म्हटलं होतं. त्या सिनेमात त्यांना तेवढा सावकारच आवडला होता. सोयऱ्यांनी ते कौतुकानं घेतलं नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी यमुनाबाईंनी देवासमोर बसवून कबूल करून घेतलं: साक्षगंध पार पडेपर्यंत कशाबद्दलही मत द्यायचं नाही. माणसाबद्दल नाही, जेवणाबद्दल नाही, बैलाबद्दलसुद्धा नाही. मोतीरामजींनी मान डोलावली. मत न देणारे मोतीरामजी म्हणजे न भुंकणारा कुत्रा, असं त्या वेळी पानठेल्यावर कोणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांना काळजी वाटली.

मोतीरामजी भाजीवाले. म्हणजे जात-धर्म शेतकऱ्याचा, पण दोन एकर ओलितावर वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर असं पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेणारे. दर शनिवारी पहाटेच्या गाडीच्या टपावर त्यांच्या टोपल्या चढत. दुपारपर्यंत माल उठे. मग रिकाम्या टोपल्या एका ओळखीच्या पानवाल्याकडे ठेवून ते तीनच्या खेळाला शिरत. त्या टॉकीजमध्ये शनिवारी दुपारी जुन्या सिनेमाच्या रिळांची पेटी येई, त्या एका दिवसापुरती. नवे सिनेमे पाहायला त्यांना आवडत नसे. त्यांच्या मते नवा सिनेमा म्हणजे कच्चं फळ, लोकांनी आधी दहा-पंधरा वर्षं दाबून पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आणि मग ते त्या सिनेमाची साल काढत.

त्यांची मोजमापं स्वतःची होती. नट कोण, गाणी कोणाची, हे त्यांना माहीत नसे आणि माहीत करून घ्यायचंही नसे. सिनेमाचं नावसुद्धा ते लक्षात ठेवत नसत. चाब्यांचा सिनेमा, विहिरीचा सिनेमा, लंगड्या घोड्याचा सिनेमा, अशी त्यांनीच नावं पाडलेली, आणि हिंगणीत तीच चालत. एका सिनेमातल्या नांगरणीबद्दल ते म्हणाले होते, "गडी सकाळपासून नांगर हाकून राह्यला, आन् धोतराले एक ढेकूळ लागलं नाई." एका नायिकेनं डोक्यावर टोपली घेऊन गाणं म्हटलं, त्यावर तर ते आठवडाभर बोलत होते. "टोपल्यात वांगे, फुलकोबी, आंबे आन् बोरं. एकाच दिवशी. मले त्या बाईचं गाणं नाई पाहाचं, शेत पाहाचं हाये." श्रीमंताच्या घरातला जिना दिसला की त्यांना प्रश्न पडे की हा झाडतं कोण. नायकाची आई खोकली की ते शेजारच्याला सांगत की आता पोरगा शहरात जाणार, आणि पोरगा जाई.

त्यांचा शेवटचा निकाल बाजाराच्या भाषेत असे. सिनेमा चांगला असेल तर "माल उठला". बरा असेल तर "पाणी मारून ठेवला हाये". वाईट असेल तर "वरून ताजा, खालून सडका". बहुतेक सिनेमे या तिसऱ्या टोपलीत जात. दुसऱ्याच्या टोपल्या अशा तळापर्यंत उपसणाऱ्या या माणसानं एकाही सिनेमाचा तळ कधी पाहिला नव्हता.

हे सांगायला फार हुशारी लागत नाही. खेळ तीनचा. सिनेमा तीन तासांचा. हिंगणीला परतायची शेवटची गाडी साडेपाचची. हा हिशेब चौथीच्या वर्गात घातला तर मागच्या बाकावरचा मुलगाही तोंडी सांगेल. गावात तो कोणी मांडला नाही, कारण सगळेच त्याच हिशेबात अडकलेले होते. लग्नाची खरेदी नाहीतर कोर्टाची तारीख अशा निमित्तानं हिंगणीचा माणूस वर्ध्याला गेला आणि सिनेमात शिरला, तर त्यालाही सव्वापाचला उठून स्टँडकडे पळावं लागे. आमच्या अख्ख्या गावानं प्रत्येक सिनेमा पाऊणच पाहिला होता. मग गाडीत सगळे मोतीरामजींना विचारत, पुढे काय होतं? ते दर शनिवारी जातात, म्हणजे त्यांनी हा आधी कधी तरी पुरा पाहिला असणार, असा सगळ्यांचा समज. मोतीरामजींनी तो समज कधी मोडला नाही.

शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर मीही कामांना वर्ध्याला जायची आणि त्याच गाडीनं परतायची. मोतीरामजी खिडकीशी बसत, टोपल्या पायांत, डोळे बाहेर. वाटेतलं सेलू येईपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. मी नवीन असताना एकदा विचारलं, आज कोणता पाहिला? त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबा बाई. अजून चालू हाये."

मला वाटलं म्हातारपणाचा विनोद. म्हातारे तर तेव्हा ते नव्हतेच, पन्नाशीचे असतील. काही शनिवारांनंतर उलगडा झाला. सेलूपर्यंत खलनायक जिवंत असे. सेलू सुटलं की त्याची तब्येत बिघडे. गावाचं वळण आलं की तो तुरुंगात गेलेला असे, भाऊ भावाला भेटलेला असे, आणि मोतीरामजी तोंड फिरवून म्हणत, "हां, तं ऐका."

आणि खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या पाऊण भागात कोणाचीही गय न करणारा हा माणूस शेवट मात्र इतके गोड करायचा की चहाला साखर नको. सगळ्यांचं जमायचं. वाटणी व्हायची नाही. रुसलेली सासू बोलायची. ज्याचं शेत गहाण त्याला ते परत मिळायचं, आणि शेवटी सगळे एका पंगतीत जेवायचे. काय जेवायचे तेही ठरलेलं, वांग्याची भाजी आणि भाकर. स्वतःच्या या शेवटांवर त्यांनी कधी टीका केल्याचं मी ऐकलं नाही. तो माल नेहमी उठायचा.

पहिला धोका आला तो धनराजभाऊंच्या छपरावरून. त्यांनी टीव्ही आणला, बांबूवर अँटेना चढवली, आणि दर रविवारी संध्याकाळी जुना सिनेमा दिसायला लागला. गाव त्यांच्या ओसरीत. मोतीरामजी पुढच्या रांगेत, पहिल्या दृश्यापासून साल काढत. पण पाऊण सिनेमा झाला की ते उठत, चपला शोधत आणि निघत. घर तिथून चार घरांवर, गाडी कुठलीच पकडायची नाही. कोणी थांबवलं तर म्हणत, "मले मालूम हाये पुढचं." लोकांना वाटे, काय माणूस आहे, सगळं पाठ आहे.

एका रविवारी विहिरीचा सिनेमा लागला. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या एका विहिरीवरून भांडणारे दोन भाऊ. मोतीरामजींनी हा गावाला किती तरी वेळा सांगितलेला: शेवटी दोघे एका बादलीनं पाणी प्यायचे आणि विहीर एकत्र राहायची. टीव्हीवर धाकट्यानं थोरल्याला त्याच विहिरीत ढकलून दिलं आणि सिनेमा संपला. सगळ्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. मोतीरामजींची जागा अर्थातच रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर धनराजभाऊंनी त्यांना गाठलं. मी शाळेत जाता जाता थांबले, कारण असे निकाल रोज लागत नाहीत. धनराजभाऊ म्हणाले की मोतीरामजी, तुमच्या सिनेमातला थोरला तर मेला. मोतीरामजींनी आधी तंबाखू मळून घेतली.

"तुमाले टीव्हीवर दिल्लीचा शेवट दाखवला. वर्ध्याले दुसरा होता."

"एका सिनेमाले दोन शेवट कसे राहतीन गा?"

"काऊन? कापूस एकच. नागपूरले एक भाव, वर्ध्याले दुसरा. सिनेमाले काय सोनं लागलं हाये?"

पानठेल्यावरच्या मंडळींनी थोडा विचार केला आणि बहुमतानं ठरवलं की वर्ध्याचा शेवट सरस आहे. संध्याकाळी धनराजभाऊ छपरावर चढून अँटेना वर्ध्याच्या दिशेनं फिरवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

या विजयानं मोतीरामजींचं नुकसान केलं. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ते शेवट पाहिल्यासारखे वाटायला लागले होते. आता त्यावर गावाचा शिक्का बसला. म्हणून साक्षगंधाच्या आधी, तोंड बंद ठेवायचं कबूल करून बसलेल्या या माणसाला एक कल्पना सुचली. आपण बोलायचं नाही तर नाही, सिनेमा बोलेल. त्या वर्षांत साक्षगंधाला व्हिडिओ लावायची पद्धत सुरू झालीच होती. गिरजाबाई कडक बाई, नवरा गेल्यावर घर-शेत एकटीनं सांभाळलेली, कंबरेला चाब्यांचा जुडगा. त्यांना चाब्यांचा सिनेमा दाखवायचा. त्यात अशीच एक कडक सासू असते, सून तिची सेवा करते, आणि शेवटी सासू सुनेला जीव लावते. शोभा कशी आहे ते वेगळं सांगायला नको.

सिनेमाचं नाव नेहमीप्रमाणे माहीत नव्हतं. वर्ध्याला जाऊन त्यांनी व्हिडिओवाल्याला वर्णन सांगितलं: सासू, चाब्या, तुळशीजवळ पडणारी सून, आजारपण. व्हिडिओवाल्यानं क्षणात कॅसेट काढून दिली. त्याला ती सापडली नसती तर बरं झालं असतं.

सुरुवात झकास झाली. कुंकू, नारळ, साडी, सगळं यादीप्रमाणे पार पडलं होतं. मुलीला पेढा भरवून शब्द पक्का करायचा तेवढा बाकी होता, तो गिरजाबाईंनी सिनेमानंतर म्हणून ठेवला. खोलीत सिनेमा सुरू झाला. मोतीरामजी भिंतीला टेकून उभे. पडद्यावर एकदा लाल पातळातली सून मेथी निवडायला बसली, तेव्हा ती मुळासकट पातेल्यात टाकत होती. मोतीरामजींच्या ओठांवर मत आलेलं मला दिसलं. यमुनाबाईंनी पाहिलं. मोतीरामजींनी ते गिळलं.

सासू छळत होती, सून सोसत होती. गिरजाबाई मान हलवत होत्या. त्यांना सासूचं पटत होतं. मग सासू आजारी पडली, सून पाय चेपायला बसली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि सासूनं कंबरेचा जुडगा काढून सुनेच्या हातात ठेवला. मोतीरामजींनी हे कधी पाहिलंच नव्हतं, पण गाडीत बसून बरोबर ओळखलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी व्हिडिओवाल्याला हात केला आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलले.

"बंद कर बापू. झाला."

"काका, अजून बरीच कॅसेट बाकी आहे."

"नावं राहतीन ती."

"नावं नाहीत काका. सिनेमाच आहे."

खुर्चीतून गिरजाबाईंचा आवाज आला, "चालू द्या. मले शेवट पाहाचा हाये."

तो चालला. चाब्या हातात येताच सुनेची चाल बदलली. तिनं आधी कोठार बंद केलं, मग कपाट, मग देवघर. सासूची खाट गोठ्यात गेली. मुलगा बायकोच्या बाजूनं. म्हातारी पावसात दार वाजवत राहिली आणि आतून कोणी उघडलं नाही. शेवटी तिनं उंबऱ्याशीच जीव सोडला, आणि सुनेनं तिच्या पायरीवरचा तांब्या उचलून आत नेला. पडद्यावर नावं आली. खिडकीचं पोतं कोणी तरी काढलं, आणि एकदम इतका उजेड आला की सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसले.

गिरजाबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी होणाऱ्या व्याह्यांकडे मान वळवली. "इवाईबुवा, हा सिनेमा तुमी आधी पाह्यला होता काय?"

साधा प्रश्न. पण त्याला दोनच उत्तरं होती आणि दोन्ही महाग. पाहिला होता म्हणावं, तर मुलीच्या बापानं साक्षगंधाला बोलावून, पहिल्या खुर्चीत बसवून, होणाऱ्या विहिणीला दाखवलं की माझी मुलगी तुमचं असं करील. तिसरं स्थळ तिथंच उठलं असतं, आणि चौथं आलं नसतं. नाही म्हणावं, तर सतरंजीवर अख्खं हिंगणी बसलेलं. यमुनाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. स्वयंपाकघराच्या दारात शोभा येऊन उभी राहिली, हातात पेढ्यांचं ताट.

मोतीरामजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "नाई."

"पाह्यला नाई? आन् आमाले दाखवला?"

"पाऊण पाह्यला, ईनबाई. मले साडेपाचची गाडी राहे." त्यांनी सतरंजीवरून नजर फिरवली. कोणी मदतीला येतं का पाहत होते बहुधा. कोणी आलं नाही. "मी एकबी सिनेमा पुरा पाह्यला नाई. शेवट मी गाडीत बसून करो."

मग मागून धनराजभाऊंचा आवाज आला, अगदी हळू, एखाद्याच्या मयतीबद्दल विचारावं तसा. "मंग ते विहिरीवाले भाऊ?"

"टीव्हीवर दाखवलं तेच खरं असन, धनराज."

धनराजभाऊंनी मान खाली घातली. अँटेना आठवली असेल.

गिरजाबाईंचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मंग याचा शेवट तुमी काय सांगे?"

मोतीरामजींनी यमुनाबाईंकडे पाहिलं. मत द्यायची बंदी होती. यमुनाबाईंनी हातानंच खूण केली की आता काय राहिलंय. तेव्हा भिंतीला टेकून, नजर जमिनीवर ठेवून, त्यांनी सांगितलं. सासू चाब्या देते. सून त्या घेते आणि परत सासूच्या कंबरेला अडकवते. म्हणते, आत्याबाई, मला चाब्या नकोत, दार उघडं असलं तर पुरतं. मग दोघी एका ताटात जेवतात. मुलगा बाहेरून येतो, आणि त्याला कोणी वाढत नाही, तो हातानं घेतो.

"काय जेवते?" गिरजाबाईंनी विचारलं.

"वांग्याची भाजी."

मागे कोणी तरी फिसकन हसलं आणि गप्प बसलं. गिरजाबाईंनी जुडगा कंबरेवर नीट बसवला, पदर सारखा केला.

"आतापासून सांगून ठेवतो. माया चाब्या मायापाशीच राहतीन. त्या मी मरेपर्यंत कोणाले देत नाई, सेवा केली तरी नाई. पण दाराले कुलूप आमच्या घरी दिवसा लागत नाई." मग दाराकडे पाहून म्हणाल्या, "ये वो पोरी. पेढा आन." आणि शोभा पुढे येत असताना मोतीरामजींकडे बोट केलं. "आन् तुमी. आमच्याकडे येसान तं पुरा सिनेमा पाहून येजा. अर्धं सांगणारा माणूस मले चालत नाई."

शब्द पक्का झाला. एप्रिलमध्ये लग्न लागलं. पंगतीला वांग्याची भाजी होती, ती मोतीरामजींनी स्वतः उभं राहून करवली, आणि तेल जास्त झाल्याचं मत चार लोकांना बोलावून दिलं. बंदी उठली होती.

गावानं त्यांना इतक्या स्वस्तात सोडलं नाही. महिनाभर पानठेल्यावर त्यांनी तोंड उघडलं की कोणी तरी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहून म्हणायचं, "मोतीरामजी, साडेपाच झाले." एका म्हाताऱ्यानं तर त्यांच्याकडे वीस वर्षांच्या सगळ्या सिनेमांचा जाब मागितला, लंगडा घोडा शेवटी जगला की नाही, यावर त्याचा म्हणे जीव अडकला होता. मोतीरामजी खाली मान घालून ऐकायचे. पण शनिवार चुकला नाही. आणि पावसाळा लागला तसे गाडीतले लोक पुन्हा त्यांच्या बाकाजवळ सरकायला लागले. फरक एवढाच की सेलू सुटलं आणि ते "तं ऐका" म्हणाले की कोणी तरी आधी विचारून घ्यायचं, "खरा का घरचा?" ते म्हणायचे, "घरचा." आणि लोक ऐकायचे. खरा हवा असणाऱ्यानं धनराजभाऊंच्या ओसरीत जावं, अशी व्यवस्था होती. तिकडे गर्दी जरा कमीच असायची.

माझी पुढे वर्ध्याला बदली झाली. मोतीरामजींना मी शेवटचं पाहिलं ते १९८८ मध्ये, त्याच टॉकीजच्या फाटकापाशी. शनिवार, सव्वापाच. ते बाहेर पडत होते, एकटेच. केस बरेच पांढरे झालेले, बाकी बदल नाही. मी थांबवलं, शोभाची चौकशी केली. ती मजेत होती. मग मी म्हटलं, मोतीरामजी, आता हिंगणीला सातची गाडी सुरू झाली आहे, तुम्हाला माहीत नाही का?

"मालूम हाये."

"मग उठलात कशाला?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "गाडीचं निमित्त होतं बाई. पाऊण सिनेमा झाला का मले समजते, आता याईचं काहीतरी वाईट होते. मंग बसवत नाई." मग एकदम कामाला लागल्यासारखे म्हणाले, "आज नावेचा होता. म्हातारा नावेत हाये, पाणी वाढून राह्यलं, पोरगी काठावर. तिथं उठलो मी. सोमवारी नाचणगावले जाचं हाये, आन् ईनबाई खरा शेवट मागते, घरचा तिले चालत नाई. तुमी तं इथंच राह्यता. तेवढा पाहून घेजा, आन् मले कळवजा."

मी हो म्हटलं. त्यांनी पानवाल्याकडच्या टोपल्या एकात एक घातल्या, खांद्यावर घेतल्या आणि स्टँडकडे निघाले, रिकाम्या रस्त्यावर उगाच घाई करत. पहिला अर्धा भाग पाणी मारून ठेवलेला होता, हे जाता जाता सांगितलंच.

पेटी एका दिवसापुरतीच असते हे विसरून मी दुसऱ्या दिवशी टॉकीजवर गेले, तर ती सकाळीच पुढच्या गावाला रवाना झाली होती. सिनेमाचं नाव तिकिटं देणाऱ्याला आठवलं नाही. मोतीरामजींना ते माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. व्हिडिओवाल्याला वर्णन सांगितलं: नावेत म्हातारा, पूर, काठावर मुलगी. त्यानं चार कॅसेटी दिल्या. चारही मी पाहिल्या, चारही भलत्याच निघाल्या. शाळेतल्या बायकांना विचारलं, बहिणीला नागपूरला कळवलं, तिच्या सासऱ्यांना जुन्या सिनेमांची माहिती म्हणून त्यांनाही विचारून झालं. नावेचे सिनेमे पुष्कळ निघाले, त्यात म्हातारा नव्हता. म्हातारा असलेल्यांत पूर नव्हता.

सोमवारी नाचणगावला त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. माझ्या यादीतल्या बाकीच्या कामांवर काट पडत गेली आहे, एवढं एकच राहिलं आहे. त्या म्हाताऱ्याची नाव काठाला लागली की नाही, हे मोतीरामजींना कळवायचं आहे.